माउंटन हाऊसचं घर: एका शॉर्ट सेलची पूर्ण हकीकत

ही केस माझ्या दादा-वहिनीची आहे, २०११ सालची, कॅलिफोर्नियातली. नावं देत नाही, बँकांची देत नाही, विकणाऱ्याचं तर अजिबातच नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोनचार आकडे थोडे मागेपुढे केलेत, पण काय कशानंतर झालं ते जसंच्या तसं आहे. मी तेव्हा एच-४ वर होते, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, काम करायची परवानगी नाही, दिवसभर घरी, त्यामुळे या घराची फाईल माझ्याच हातात आली. फोन, फॅक्स, सह्या, पाठपुरावा सगळं मी केलं. २०१५ ला एच-४ वाल्यांना ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, मिळायला लागल्यावर मी एका टायटल कंपनीत, म्हणजे घराची मालकी आणि बोजे तपासणाऱ्या कंपनीत लागले आणि तिथं अशा बऱ्याच फाईली हाताखालून गेल्या, तेव्हा आपण काय काय चुकलो होतो ते नीट कळलं. म्हणून हे लिहितेय.

पार्श्वभूमी

दादाची नोकरी प्लेझंटनला, राहायचे फ्रीमाँटला भाड्याने, दोन बेडरूम, १,६५० डॉलर भाडं. दोन मुलं, आणि आई साताऱ्याहून सहा महिने आली की हॉलमध्ये गादी. दादाकडे ७५ हजार डॉलर साठलेले, क्रेडिट चांगलं, एच-१बी वरही लोन मिळत होतं. फ्रीमाँटला त्या पैशात काही बसत नव्हतं. ऑल्टामाँटची खिंड ओलांडून पलीकडे गेलं की पवनचक्क्या संपतात आणि ट्रेसी, माउंटन हाऊस लागतं, तिथं मात्र चार बेडरूमची नवी घरं तीन लाखाच्या आसपास मिळत होती.

का मिळत होती तेही सांगते. माउंटन हाऊस हे शेतात नव्याने वसवलेलं गाव, तिथली बहुतेक घरं ऐन तेजीत, २००४ ते २००६ मध्ये विकली गेली. २००८ च्या नोव्हेंबरात ते पेपरात आलं ते अमेरिकेतलं सगळ्यात बुडालेलं गाव म्हणून, म्हणजे जिथे जवळपास प्रत्येक घरावरचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त. आम्ही ज्या घरासाठी थांबलो ते २००५ ला ६,२०,००० ला घेतलेलं, २० टक्के रोख भरून, पहिलं कर्ज ४,९६,०००. २०११ ला त्याच घराला तीन लाखाच्या वर फार कोणी देत नव्हतं.

विकणारा गृहस्थ बांधकामाची छोटी कंत्राटं घ्यायचा. बांधकाम बंद पडल्यावर काम बंद, हप्ते बंद. बायको, दोन मुलं. वाईट माणूस नव्हता, पैसे उडवून पळणारा तर नव्हताच, हे मुद्दाम लिहिते कारण आपल्यातले बरेच जण 'डिफॉल्टर' म्हटलं की नाक मुरडतात.

शॉर्ट सेल म्हणजे नेमकं काय

घर विकून जे पैसे येतील ते कर्जापेक्षा कमी पडणार आहेत आणि तरीही बँक तेवढ्यावर बोजा उतरवायला तयार होते, तो शॉर्ट सेल. आपल्याकडे बँक वन टाइम सेटलमेंट करते त्याच्या जवळ जाणारं, फक्त इथे सेटलमेंटचे पैसे घर घेणारा आणतो. घराचा मालक अजून जुनाच असतो, करार त्याच्याशी होतो, सही तो करतो, पण हो म्हणायचा अधिकार बँकेचा. आणि बँकेशी बोलायला मालकाने परवानगी दिलेला माणूस लागतो, म्हणजे त्याचा एजंट. घेणाऱ्याला बँक फोनवर उभं करत नाही. आमचा सगळा व्यवहार ज्या बँकेच्या हातात होता तिच्याशी सात महिन्यांत एकदाही थेट बोललो नाही.

लिस्टिंगवर जी किंमत असते तिलाही बँकेने होकार दिलेला नसतो, एजंटने गिऱ्हाईक यावं म्हणून टाकलेली असते. हे घर २,९५,००० ला लावलं होतं. वहिनी तो आकडा डोक्यात धरून पडद्यांची मापं काढायला लागली होती.

समोरचे पर्याय, जानेवारी २०११

बँकेने आधीच जप्त केलेली घरं ट्रेसीत भरपूर होती आणि ती महिना-दीड महिन्यात मिळायची, पण रोख पैसेवाले गुंतवणूकदार ती उचलायचे. आम्ही दोन ऑफर टाकल्या, दोन्ही गेल्या. स्टॉकटनला कोर्टाबाहेर लिलाव व्हायचे, तिथे पूर्ण रक्कम रोख आणि घर आतून न बघता, तो विषयच नव्हता. साधी, कर्ज फिटणारी विक्री त्या गावात शोधून सापडत नव्हती. भाड्याने राहणं हा पर्याय होताच.

शॉर्ट सेलच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. घरात माणसं राहत होती म्हणून घर जिवंत होतं, ओट्यापासून नळापर्यंत सगळं जागेवर, आणि गुंतवणूकदारांना थांबायला वेळ नसतो म्हणून स्पर्धा कमी. आमच्याकडे वेळ होता. दादा म्हणाला, "आपल्याला घाई नाहीये ना, मग आपला फायदा." १२ फेब्रुवारीला २,९८,००० ची ऑफर दिली.

तेव्हाच एक प्रश्न विचारायला हवा होता तो मी विचारला नाही, कोणीच विचारला नाही: या घरावर बोजे किती आणि कोणाकोणाचे?

फेब्रुवारी ते जून: पहिली बँक

पहिले दोन महिने काही झालंच नाही. विकणाऱ्याची फाईल म्हणजे अडचणीचं पत्र, दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट, उत्पन्नाचे कागद. एखादं पान कमी पडलं की फाईल बाजूला, ते पान येईपर्यंत स्टेटमेंट जुनी होतात, मग ती परत मागतात. बँकेतला निगोशिएटर तीनदा बदलला आणि प्रत्येक नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून. मी दोनशे पानी स्पायरल वही केली होती, मंगळवारी आणि शुक्रवारी लिस्टिंग एजंटला, म्हणजे विकणाऱ्याच्या एजंटला, फोन करायचा, तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते लिहायचं. शेवटपर्यंत त्यात ४७ नोंदी झाल्या, त्यातल्या निम्म्या "अजून काही नाही" अशा. पण ती वही उपयोगी पडली, कारण मे महिन्यात बँक म्हणाली की उत्पन्नाचे कागद कधी आलेच नाहीत तेव्हा १९ एप्रिलला फॅक्स गेला आणि कोणी घेतला हे मी एजंटला वाचून दाखवलं, आणि फाईल बंद व्हायची वाचली.

एप्रिलच्या शेवटी बीपीओ झाला. म्हणजे बँक तिसऱ्याच एका ब्रोकरला पाठवते आणि तो घर बघून अंदाजे भाव कळवतो, त्यावर बँकेचं सगळं ठरतं. उत्तर आलं ३,१८,०००.

इथे पहिला खरा निर्णय होता. दादा म्हणाला देऊन टाकू २० हजार, सुटलो. वहिनी म्हणाली एक पैसा जास्त नाही. आम्ही मधला मार्ग काढला. ब्रोकरने धरलेली तीन घरं कोणती ते एजंटकडून काढून घेतलं, त्यातलं एक तळ्याजवळच्या दुसऱ्या वस्तीतलं आणि बरंच मोठं निघालं. मागच्या ९० दिवसांत त्याच वस्तीत विकलेल्या चार घरांचे आकडे आणि कुंपण आणि छपराच्या कडा दुरुस्तीचं एका मिस्त्रीचं लेखी एस्टिमेट असं सगळं एका पत्राला जोडून पाठवलं. तीन आठवड्यांनी बँक ३,०५,००० वर आली. २० टक्के म्हणजे ६१,००० आमचे आणि २,४४,००० लोन. भावनेने लिहिलेल्या पत्राने हे झालं नसतं, बँकेतल्या माणसाला वरच्याला दाखवायला कागद लागतो, तो आपण पुरवायचा.

१० जूनला अप्रूव्हल लेटर आलं. २२ जुलैपर्यंत क्लोजिंग करा, म्हणजे व्यवहार पूर्ण करा, असं त्यात स्पष्ट. घरात पेढे आले. साताऱ्याला फोन गेला.

अडचण: त्या पत्रातली सातवी ओळ

त्या लेटरमध्ये खाली एक ओळ होती, दुय्यम कर्जदात्याला विक्रीच्या रकमेतून जास्तीत जास्त ६,००० डॉलर. मी ती वाचली होती. मला वाटलं काहीतरी नेहमीचा मजकूर असेल.

तो नेहमीचा मजकूर नव्हता. २००६ ला विकणाऱ्याने घरावर हेलॉक, म्हणजे घर तारण ठेवून आणखी एक कर्ज, काढलं होतं, १,१०,००० चं, दुसऱ्या बँकेकडून, त्यातून धंद्यासाठी पिकअप ट्रक आणि हत्यारं घेतली होती. सातबारावर दोन सोसायट्यांचा बोजा असेल आणि एकीनेच नाहरकत दिली तर जमीन मोकळी होत नाही, तसंच इथे. पहिल्या बँकेचं पत्र म्हणजे अर्धी परवानगी होती आणि आम्ही ती पूर्ण समजून बसलो.

आणि आम्हीच नाही, विकणारासुद्धा. १० जूननंतरच्या दोन आठवड्यांत काय काय झालं बघा. दादाने आपल्या लोनचा व्याजदर ४५ दिवसांसाठी लॉक केला, म्हणजे बांधून घेतला. अप्रेझलचे, म्हणजे घराच्या मूल्यांकनाचे, ४५० डॉलर भरले, इन्स्पेक्शनचे ३७५. एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताकडे, ५,००० डिपॉझिट टाकलं. घरमालकाला तोंडी सांगून ठेवलं की जुलै अखेर जागा सोडू. तिकडे विकणाऱ्याच्या मुलांची शाळा संपली होती, त्याने बायकामुलांना मॉडेस्टोला नातेवाईकांकडे हलवलं, सामान नेलं आणि वीज बंद केली. म्हणजे घर रिकामं झालं. हे रिकामं होणं पुढे महागात पडलं.

दुसऱ्या बँकेचं जूनच्या शेवटी उत्तर आलं: ६,००० घेऊन घरावरचा बोजा उतरवू, पण उरलेले १,०४,००० मालकाकडून वसूल करायचा हक्क आम्ही राखून ठेवतो. विकणाऱ्याने सही करायला नकार दिला. तेव्हा आमच्या घरात त्याच्यावर फार चिडचिड झाली, वहिनी म्हणाली "याला काय जातंय, घर तर जाणारच आहे त्याचं." मीही मनातून तेच म्हणत होते. आज सांगते, त्याचं बरोबर होतं. घर घेताना काढलेल्या कर्जाला कॅलिफोर्नियात जसं कायद्याचं संरक्षण आहे तसं नंतर काढलेल्या हेलॉकला नाही. घर देऊनही तो माणूस एक लाखाच्या कर्जाखाली राहिला असता, पगारावर जप्ती येऊ शकली असती. अशा कागदावर सही कर म्हणायचा आम्हाला काय अधिकार होता?

जुलै: कायदा बदलला आणि पेच वाढला

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०११ पासून एक कायदा होता, एसबी ९३१, की पहिल्या कर्जाच्या बँकेने शॉर्ट सेलला लेखी संमती दिली की उरलेली रक्कम मागायची नाही. दुसऱ्या कर्जाला तो लागू नव्हता. १५ जुलै २०११ ला एसबी ४५८ लागू झाला आणि तेच संरक्षण दुय्यम कर्जांनाही मिळालं, शिवाय संमती देण्याच्या बदल्यात विक्रीच्या रकमेबाहेर मालकाकडून जादा पैसे मागायलाही बंदी आली.

विकणाऱ्यासाठी ही फार मोठी सुटका होती. पण दुसऱ्या बँकेच्या बाजूने बघा, काल ६,००० आणि वर वसुलीचा हक्क होता, आज फक्त ६,०००. तिने लगेच आकडा बदलला, ११,००० पाहिजेत, म्हणजे कर्जाच्या १० टक्के. पहिली बँक म्हणाली आमच्या पैशातून ६,००० च्या वर एक डॉलर जाणार नाही, सरकारच्या हाफा या शॉर्ट सेलसाठीच्या योजनेतही तेव्हा दुय्यम कर्जाला तेवढीच मर्यादा होती आणि या बँकेने आपल्या फाईलला तोच आकडा धरला होता. लिलाव झाला असता तर दुसऱ्या बँकेला बहुतेक काहीच मिळालं नसतं, हे तिलाही माहीत होतं, तरी ती अडून राहिली कारण आपल्या सहीशिवाय विक्री होत नाही हेही तिला माहीत होतं.

२२ जुलै आला आणि गेला. अप्रूव्हल लेटर संपलं, लॉक संपला. बँकेच्या वसुली खात्याचं वेगळंच चाललं होतं, त्यांनी लिलावाची तारीख काढली, ती एकदा पुढे गेली आणि मग २८ सप्टेंबर ठरली. एकाच बँकेतलं एक खातं घर विकायची परवानगी देतंय आणि दुसरं त्याच घराचा लिलाव लावतंय, या दुहेरी कारभारावर कॅलिफोर्नियात बंधनं आली ती २०१३ पासून, आमच्या वेळी ती नव्हती.

ऑगस्ट: थांबायचं की निघायचं

हा सगळ्यात कठीण महिना. दादाने जागा सोडतो म्हणून सांगितलेलं मागे घेतलं, घरमालकाने महिन्याच्या करारावर भाडं १,७५० केलं. मुलांची शाळा फ्रीमाँटलाच सुरू झाली. दादा-वहिनीत वाद व्हायला लागले, जेवताना घराचा विषय काढायचा नाही असा नियम आईने फोनवरून केला.

ट्रेसीत एक जप्तीतलं घर २,८९,००० ला आलं. बघायला गेलो, स्वयंपाकघरातली कपाटंसुद्धा उचकटून नेली होती, भिंतीवर नुसते स्क्रूचे खड्डे. ते सोडलं.

मग एक प्रस्ताव आला आणि तो नीट सांगायला हवा कारण अशा प्रस्तावांना आपले लोक बळी पडतात. व्यवहारातल्या एका मध्यस्थाने सुचवलं की पाच हजारांचा फरक तुम्ही दुसऱ्या बँकेला बाहेरून चेकने देऊन टाका, क्लोजिंगच्या कागदावर दाखवायची गरज नाही, सगळे करतात. दादा जवळजवळ तयार झाला होता. सहा महिने झालेले, पाच हजारासाठी घर जातंय असं त्याला वाटत होतं. मी त्या रात्री हड-वनचा नमुना घेऊन बसले, हड-वन म्हणजे तेव्हा वापरात असलेला, क्लोजिंगच्या दिवशीचा पैशाचा पूर्ण हिशोब, आणि त्यावर घेणाऱ्यालाही सही करायची असायची की हा हिशोब खरा आणि पूर्ण आहे. बाहेरून चेक दिला तर ती सही खोटी. पहिल्या बँकेला फसवल्यासारखं, स्वतःच्या लोनवाल्यालाही, आणि हा फेडरल गुन्हा. आम्ही दोन्ही कुटुंबं व्हिसावर. दादाला म्हटलं, "घर गेलं तर दुसरं मिळेल, हे अंगाशी आलं तर इथून जावं लागेल." तो गप्प बसला आणि मग नाही म्हणाला.

तोच फरक उघडपणे देता येईल का, हे मग आम्ही विचारलं. म्हणजे घेणाऱ्याकडून दुय्यम कर्जापोटी अमुक रक्कम अशी हड-वनवर स्वतंत्र ओळ, दोन्ही बँकांची लेखी मंजुरी, आणि आमच्या लोन ऑफिसरलाही ते मान्य. लोन ऑफिसर म्हणाला कागदावर असेल तर चालेल. पहिल्या बँकेने दहा दिवस घेतले आणि हो म्हटलं. दुसरी बँक ११,००० वरून ९,००० वर आली. म्हणजे ६,००० विक्रीतून, ३,००० आमचे.

हे चालू असताना दादाने एक तारीख ठरवली होती, ३१ ऑगस्ट. त्या दिवसापर्यंत दोन्ही पत्रं हातात नसतील तर लेखी कळवून बाहेर पडायचं. ही तारीख ठरल्यावर घरातले वाद कमी झाले. आणि इथेच मी पहिल्यांदा कराराला जोडलेला पुरवणी कागद, म्हणजे शॉर्ट सेलचं अ‍ॅडेंडम शांतपणे वाचलं. त्यात परवानगीचा अर्थ दिला होता, घरावर बोजा असलेल्या सगळ्या बँकांची लेखी संमती. म्हणजे आमची कराराची घड्याळं जूनमध्ये सुरूच झाली नव्हती, इन्स्पेक्शनची मुदत नाही की लोनची नाही, आणि ५,००० चं डिपॉझिट पूर्ण सुरक्षित होतं. दोन महिने आम्ही उगाच घाबरून होतो. तीन पानांचा कागद होता तो!

२६ ऑगस्टला दोन्ही पत्रं आली. क्लोजिंगची शेवटची तारीख २६ सप्टेंबर.

सप्टेंबर: एसी आणि पितृपक्ष

व्याजदर मात्र या उशिरात खाली आले होते. फेब्रुवारीत ३० वर्षांचा दर ५ च्या जवळ होता, आता ४.२५ ला लॉक झाला. २,४४,००० वर महिन्याला साधारण १,३१० च्या जागी १,२०० चा हप्ता. ही आमची हुशारी नव्हती, तसं झालं.

२० सप्टेंबरला, मंगळवारी, शेवटची पाहणी. मी आणि वहिनी गेलो. बाहेर ३५ च्या वर ऊन, लॉन वाळून पिवळं पडलेलं, आत सगळं ठीक. मग घराच्या बाजूच्या बोळात गेलो आणि वहिनी थांबली. एसीचं बाहेरचं युनिट जिथे असतं तिथे नुसता सिमेंटचा चौकोन, त्यावर धुळीत युनिटच्या तळाची स्वच्छ खूण उमटलेली, आणि भिंतीतून आलेल्या दोन तांब्याच्या नळ्या करवतीने सरळ कापलेल्या, काळं इन्सुलेशन लोंबतंय. तांब्यासाठी रिकाम्या घरांतली युनिटं त्या भागात सर्रास जायची.

पर्याय दोन. बँकेला कळवून किंमत कमी मागायची, म्हणजे फाईल परत निगोशिएटरकडे, कदाचित नवा बीपीओ, आणि आठ दिवसांवर लिलाव. किंवा गिळायचं. घर जसं आहे तसं अशा अटीवरच घेतलेलं, शॉर्ट सेलमध्ये मालकाकडे द्यायला पैसे नसतात आणि बँक दुरुस्तीला देत नाही. नवीन युनिटचं पहिलं कोटेशन ४,२०० आलं. वहिनी बोळातच खाली बसली. अर्ध्या तासाने विकणारा आला, त्याला एजंटने कळवलं होतं. त्याने त्या नळ्यांकडे बघितलं आणि आमच्याकडे बघवेना त्याला. माफी मागत राहिला. मग त्याच्या ओळखीच्या एका एसीवाल्याचा नंबर दिला, त्या माणसाने पुढे २,९०० मध्ये बसवून दिलं. आम्ही गिळायचं ठरवलं. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

आणि यात पितृपक्ष. त्या वर्षी तो १३ ते २७ सप्टेंबर होता. आई फोनवर म्हणाली पितृपक्षात घराचा व्यवहार नाही म्हणजे नाही, घटस्थापनेला करा. घटस्थापना २८ सप्टेंबरला, म्हणजे नेमका लिलावाचा दिवस. दादाने आईला पहिल्यांदाच सगळं सविस्तर सांगितलं, तारखांसकट. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "कागद करा, पण चूल पेटवू नका." तसंच केलं. शुक्रवार, २३ सप्टेंबरला क्लोजिंग झालं, किल्ल्या मिळाल्या, आणि फ्रीमाँटचं भाडं आणखी एक महिना भरून ६ ऑक्टोबरला, दसऱ्याला, दूध उतू घालून गृहप्रवेश.

निष्पत्ती

किंमत ३,०५,०००. त्यावर दुय्यम कर्जापोटी ३,०००, एसी २,९००, वाया गेलेलं अप्रेझल ४५०, वाढीव भाडं. ऑफरपासून क्लोजिंगपर्यंत सात महिने अकरा दिवस. पहिल्या बँकेच्या हातात कमिशन, थकलेला टॅक्स वगैरे जाऊन पावणेतीन लाखाच्या आसपास पडले, ४,९६,००० च्या कर्जावर. टॅक्सचं आम्ही कमी धरलं होतं, नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्सवर तिथल्या सर्व्हिसेस डिस्ट्रिक्टचा, म्हणजे तेव्हा गावाच्या सोयी चालवणाऱ्या संस्थेचा, रस्ते, बागा, सुरक्षा यांचा वेगळा टॅक्स असायचा, तो पहिल्या बिलाला जाणवला. तिथले भाव २०१२-१३ पासून चढायला लागले, आणि २०२४ च्या जुलैत माउंटन हाऊस रीतसर शहर झालं. दादा अजून तिथेच आहे.

विकणाऱ्याची दोन्ही कर्जं मिटली. पण माफ झालेलं कर्ज अमेरिकेत उत्पन्न धरलं जातं, त्याचा १०९९-सी नावाचा टॅक्सचा फॉर्म येतो. राहत्या घराच्या मूळ कर्जाला २००७ च्या एका कायद्याने सूट होती, पण ट्रक आणि हत्यारांवर खर्च केलेल्या हेलॉकला ती सूट लागू नव्हती, त्यासाठी त्याला देणी मालमत्तेपेक्षा जास्त असल्याचं दाखवावं लागणार होतं. त्याने आधी कोणाला विचारलं होतं का, माहीत नाही. त्याला कोणी सांगायला हवं होतं.

आज असतं तर काय वेगळं केलं असतं

ऑफर लिहायच्या आधी टायटल कंपनीकडून प्राथमिक रिपोर्ट मागवला असता. एजंटला सांगितलं की बहुतेक वेळा मिळतो, आणि त्यात प्रत्येक बोजा, तारखेसह, रकमेसह असतो. हेलॉक दिसलं असतं तर दुसऱ्या बँकेची फाईल पहिल्या दिवसापासून समांतर चालवायला सांगितली असती, आमच्या केसमध्ये ती जूनला सुरू झाली. चार महिने तिथेच गेले.

सगळ्या बँकांची पत्रं हातात येईपर्यंत अप्रेझल नाही, लॉक नाही, जागा सोडायची नोटीस नाही. इन्स्पेक्शनबद्दल मात्र माझं मत उलट आहे, ते आधीच, माणसं राहत असताना, वीज-पाणी चालू असताना करून घ्यावं, ३७५ डॉलर वाया गेले तरी चालतील. घरात मोठं काही निघालं तर सहा महिने वाचतात.

विकणाऱ्याने क्लोजिंगपर्यंत घरात राहावं म्हणून एजंटमार्फत विनंती केली असती. त्यालाही त्यात फायदा होता, नातेवाईकांकडे गर्दीत तीन महिने काढावे लागले नसते. घर रिकामं झालंच तर वीज चालू ठेवायला सांगितलं असतं आणि आठवड्याला एक चक्कर मारली असती, मी तर घरीच होते.

३१ ऑगस्टसारखी तारीख फेब्रुवारीतच ठरवली असती.

क्लोजिंगनंतर सहा आठवड्यांनी मी काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे घरा-जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत, जाऊन आले, कारण पैसे पोचले तरी बोजा उतरल्याची नोंद राहून जाते असं ऐकलं होतं. पहिल्या कर्जाची नोंद झाली होती. दुसऱ्याची नव्हती. एस्क्रोवालीला तीन फोन केले आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधल्या आठवड्यात ती झाली. त्या कागदाच्या मी दोन प्रती काढल्या. एक आमच्या फाईलला लावली, दुसरी दुसऱ्या बँकेच्या पत्रासोबत, ज्यात उरलेले १,०१,००० मागणार नाही असं लिहिलं होतं, विकणाऱ्याला पाठवली. त्याच्याकडे ते पत्र पोचलंच नव्हतं.